सुधाभाऊंच्या खान्देशी सैन्याचं काय करायचं

भन्तेजी, मंदावहिनी, मिलिंद, आणि इथे जमलेल्या सगळ्या भावांनो, बहिणींनो,

मी बसूनच बोलतो. राग मानू नका, गुडघे ऐकत नाहीत. तो माइक जरा खाली घ्या भो. अजून. हां, पुरे.

माझ्या आधी बरेच जण बोलले आणि सगळे चांगलं बोलले. मला तेवढं जमणार नाही. मी दमलोय. रडून नाही दमलो, माणसं पोचवून दमलोय. या वयात फोन वाजला की बायको आधी विचारते, कोण गेलं? कुणाचा फोन होता असं विचारतच नाही ती. या वेळी सुधाभाऊंचं नाव सांगायची पाळी आली.

माझी ओळख सांगतो. मी वसंत फिरके, फैजपूरचा. ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान होतं, आता मुलगा बघतो. सुधाकर तायडे काय काम करायचे ते तुम्हाला माहीत आहे. दातांच्या कवळ्या, टोप्या, पूल. अख्ख्या जळगावचे डॉक्टर त्यांच्याकडून दात करून घ्यायचे. या हॉलमध्येसुद्धा पाच-पंचवीस तोंडांत आत्ता सुधाभाऊंचं काम बसलेलं असेल. हसा की. हसलात तर ते दिसेल तरी. त्यांना बरं वाटेल.

पण मी दातांबद्दल बोलायला आलो नाही. मी सैन्याबद्दल बोलायला आलोय.

ज्यांना माहीत नाही त्यांना वाटेल, म्हातारा काय बडबडतोय. सुधाभाऊंकडे सैन्य होतं. अंगठ्याएवढे शिपाई. भालेवाले, बंदूकवाले, घोडेस्वार, तोफा ओढणारे बैल, हत्ती. सोळाव्या शतकातलं आपल्या खान्देशच्या सुलतानाचं सैन्य. बुऱ्हाणपूर, असीरगड, इकडे थाळनेर, हा सगळा मुलूख तेव्हा त्या सुलतानांचा होता. ते सैन्य मांडायचं, समोर दुसऱ्याने दुसरं मांडायचं, पट्टीने अंतर मोजून पुढे सरकवायचं, फासे टाकायचे, आणि लढायचं. लहान पोरांचा खेळ आहे म्हणणारे भेटले आम्हाला. खूप भेटले. सुधाभाऊ त्यांना म्हणायचे, बरोबर आहे तुमचं, बसा, चहा घ्या. माझ्याने तेवढं व्हायचं नाही. मी भांडायचो.

आणि आता मुद्द्याचं सांगून टाकतो, म्हणजे माझ्या डोक्यावरचं ओझं उतरेल. परवा सकाळच्या गाडीने मिलिंद त्याच्या आईला, म्हणजे मंदावहिनींना, पुण्याला नेतोय. इथला जळगावचा फ्लॅट भाड्याने जाणार. सैन्य तिथे नेता येत नाही, घर लहान आहे. मिलिंदने मला फोन केला. म्हणाला, काका, तुम्हीच न्या, तुमच्याशिवाय कुणाला त्याची किंमत नाही. मी हो म्हटलं. म्हणायलाच पाहिजे होतं. आज सकाळी मी त्यांच्याकडे जाऊन सगळं भरलं. ती खोकी आत्ता बाहेर रिक्षात आहेत. रिक्षावाला झाडाखाली थांबलाय, वैतागला असेल बिचारा.

तर ते खोकीबंद सैन्य घेऊन मी इथे आलो, आणि मला ते घरी न्यावंसं वाटत नाहीये. का, ते सांगतो. जरा लांबण लागेल. सांभाळून घ्या.

आमची ओळख दातावरूनच झाली. माझा पुढचा दात ट्रॅक्टरचं हँडल उलटं फिरून तुटला होता. डॉक्टर म्हणाले, रंग जुळला पाहिजे, तुम्ही स्वतःच तायडेंच्या लॅबला जाऊन या. लॅब म्हणजे काय, गणपती मंदिराच्या मागे एक खोली. सुधाभाऊंनी मला खिडकीपाशी उभं केलं, हातात दातांच्या रंगांची पट्टी, एकेक नमुना माझ्या दाताशेजारी धरतायत. म्हणाले, तंबाखू खाता ना? मी म्हटलं, नाही. म्हणाले, मग दात खोटं बोलतोय का?

तेवढ्यात माझं लक्ष टेबलावर गेलं. एका ट्रेमध्ये दाढा, सुळे, आणि मधोमध एक मुंडकं. मुगाच्या दाण्याएवढं. मिशीसकट! मी दचकलोच. म्हटलं, हे कुणाच्या तोंडात बसवणार?

झालं. दात राहिला बाजूला आणि माणूस दोन तास बोलत सुटला.

त्याचं असं होतं की आपल्या खान्देशचे शिपाई जगात कुणी बनवत नाही. बनवतात ते युरोपातले. प्रबोधनकाळ म्हणतात ना, तेव्हाचे. लांब भाले, फुगीर बाह्या, बाह्यांना चिरा पाडलेल्या, टोपीवर पिसं. ते प्लॅस्टिकचे शिपाई बाहेरून मागवायचे आणि त्यांचं खान्देशी माणसात रूपांतर करायचं. सुधाभाऊ दात घासायच्या मशिनीवर त्या फुगीर बाह्या घासून काढायचे. टोपी उडवायची, तिच्या जागी पुट्टीचं पागोटं. तेसुद्धा साधं नाही, सुईने एकेक पीळ दिलेला. पिसाची शेंडी व्हायची, बुटांची वहाण व्हायची. हात कापून दुसरा हात लावायचा, आत बारीक तारेची खीळ, जशी दाताला देतात तशी. मी म्हटलं, सुधाभाऊ, तुम्ही तर इटलीच्या माणसाला बुऱ्हाणपूरला आणून बसवला. ते म्हणाले, मग काय, सुलतानाच्या पदरी कुठकुठले लोक होते, एक इटलीचा असला तर काय बिघडलं?

मला त्याच दिवशी नाद लागला. दात आठ दिवसांनी मिळाला, नाद कायमचा.

तिसरे होते धुळ्याचे अहिरराव सर. शाळेत इतिहास शिकवायचे. ते आमचे पंच. पुस्तकं सरांची, टेबल सुधाभाऊंचं, आणि मार खायचं काम माझं. मी अकबराची बाजू घ्यायचो. इतिहासात असीरगड अकबराने घेतला, सगळ्यांना माहीत आहे. आमच्या टेबलावर तो अकबराला काही मिळत नव्हता. काय सांगायचं, इतकी वर्षं मी त्या किल्ल्याखाली बसून आहे.

आता रंगाची गोष्ट. ही नीट ऐका, कारण पुढचं सगळं हिच्यावर आहे.

पहिली मोठी तुकडी रंगवून झाली तेव्हा सुधाभाऊ ती घेऊन धुळ्याला निघाले, सरांना दाखवायला. सोबत मी आणि वहिनी. मे महिना. गाडी उन्हात लावून आम्ही पारोळ्याला जेवायला थांबलो. शेवभाजी, भाकरी, निवांत. परत येऊन डबा उघडतो तर काय, सगळ्या भाल्यांनी माना टाकलेल्या! एकूण एक भाला वाकून जमिनीला लागलेला. आपलं ऊन ते, त्याने सुलतानालाही सोडलं नाही. सुधाभाऊ कपाळाला हात लावून फुटपाथवर बसले. पुढे त्यांनी सगळ्यांना पोलादी तारेचे भाले बसवले आणि मग दर खेळाला माझी बोटं रक्तबंबाळ व्हायला लागली, ते वेगळं.

पण सरांनी ते वाकलेले भाले पाहिलेच नाहीत. त्यांनी शिपाई चष्म्याजवळ धरला, या बाजूने पाहिला, त्या बाजूने पाहिला आणि म्हणाले, "भाऊ, हाऊ खान्देशना शिपाई शे का इलायतना? बठ्ठा गोरा शेतस!"

खरंच होतं. सगळे गोरे. गुलाबी गाल! पागोटं खान्देशी, वहाण खान्देशी, आणि कातडी शिपाई येतात त्या डब्यावरच्या चित्रातली. ज्या माणसाने अख्ख्या जळगावचे दात रंगाला रंग लावून जुळवले, त्याने आपल्याच मुलखाच्या माणसाचा रंग बाहेरच्या डब्यावरून उचलला. मी हसलो. फार हसलो. सुधाभाऊ नाही हसले.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी काय केलं माहिती आहे? त्या रंगाच्या वाटीपाशी जाऊन बसल्या. थोडा तपकिरी, थोडा पिवळा, कणभर लाल. आणि मनगटाशेजारी ब्रश धरला. स्वतःच्या मनगटाशेजारी. जुळला नाही, पुसला. पुन्हा मिसळला. सुधाभाऊ खिडकीत दात जुळवायचे तसंच, अगदी तसंच. रंग जुळला तेव्हा म्हणाल्या, हा घ्या तुमचा खान्देश.

मित्रहो, आजपर्यंत त्या सैन्यातल्या प्रत्येक माणसाचा चेहरा त्या रंगाचा आहे. सुलतानसुद्धा. आणि चेहरे रंगवले वहिनींनीच. ही काही लपलेली गोष्ट नाही. सुधाभाऊ येईल त्याला सांगायचे, धड माझं, तोंड मंदाचं. लोक ऐकायचे, हो हो म्हणायचे आणि जाताना म्हणायचे, तायडेसाहेब, काय हात आहे तुमचा!

सर गेले. त्यांचं स्वतःचं छोटं सैन्य होतं, गुजरातच्या सुलतानाचं. सुधाभाऊंनीच करून दिलेलं. घरच्यांना वाटलं, खेळणी आहेत, गल्लीतल्या मुलांना वाटून टाकू, सरांना मुलं आवडायची. चांगल्या मनाने वाटलं त्यांनी, मी त्यांना काही बोलत नाही. महिन्याभराने मी धुळ्याला गेलो तर हत्ती गटारीच्या कडेला पडलेला. सोंड नव्हती. मी तो उचलला, खिशात घातला आणि बसस्टँडवर बसून राहिलो. एक गाडी गेली, दुसरी गेली. उठवेना.

सर गेल्यावर पंच कोण? वहिनी. पट्टी त्यांच्या हातात आली. बाप रे! सर थोडंफार सोडून द्यायचे. वहिनी सोडत नाहीत. भाऊजी, केसभर कमी पडतंय, घोडा मागे घ्या. म्हटलं, अहो वहिनी, केसभरच ना? तर म्हणायच्या, केसभरानेच कवळी हिरडीला लागते.

मग सुधाभाऊंचा हात थरथरायला लागला. दातांचं काम सुटलं. तुम्हाला ते माहीत आहे. पण तुम्हाला हे माहीत नसेल की त्यांना शिपाई उचलता येईना. उचलायला जावं तर शेजारचे चार पडायचे. पहिल्यांदा असं झालं तेव्हा ते म्हणाले, भूकंप झाला समजा. आम्ही हसलो. दुसऱ्यांदा कुणीच हसलं नाही. त्यानंतर ते खुर्चीत बसून सांगायचे आणि वहिनी सरकवायच्या. मंदा, डावीकडचे भालेवाले. मंदा, तोफ थांबव. पुढे पुढे बोलणंही थकलं त्यांचं. डोळे मिटून बसायचे. मी विचारायचो, सुधाभाऊ, चाल? ते नुसतं बोट उचलून वहिनींकडे दाखवायचे.

मग मला सांगा, गेलं वर्षभर मी हरत होतो, तो कुणाकडून?

मी एकदा म्हटलंही त्यांना, सुधाभाऊ, तुम्ही जागे असायचात तेच बरं होतं म्हणायचं, निदान तुम्ही मला दया दाखवायचात. ते डोळे न उघडता म्हणाले, मी वाईट खेळत होतो हो, ही चांगली खेळते.

आता आज सकाळचं.

मी गेलो. घर माणसांनी भरलेलं. सगळे मला विचारतायत, सैन्याचं काय करणार? मिलिंदला विचारतायत, सैन्याचं काय करणार? एकाने सुचवलं, शाळेला द्या. एकाने सुचवलं, काचेच्या पेटीत घालून वर भाऊंचा फोटो लावा. रावेरहून केळीची रिकामी खोकी आणली होती, केळीला लावतात तो फोमही आणला होता. एकेक शिपाई त्यात गुंडाळून ठेवत होतो.

वहिनी आल्या. शेजारी बसल्या. एका भालेवाल्याच्या गालाचा टवका उडालेला दिसला त्यांना. उठून वाटी आणली, रंग कालवला आणि गाल रंगवायला घेतला. कुणीतरी नात्यातल्या बाई म्हणाल्या, अगं मंदा, आजचा दिवस तरी राहू दे. वहिनींनी मान वर केली नाही. गाल पुरा केला. फुंकर घातली. शिपाई माझ्या हातात दिला आणि हळूच म्हणाल्या, "भाऊजी, सगळ्यांनी सगळ्यांना विचारलं. मला कुणी काही विचारलंच नाही."

बस. एवढंच म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

आणि मी काय केलं? मी खोकं बांधलं. दोरीला गाठ मारली. दमलेला माणूस हातातलं काम पुरं करतो, दुसरं काही सुचत नाही त्याला. रिक्षात बसलो. इथपर्यंत येईस्तोवर खड्ड्याखड्ड्याला खोकी वाजत होती आणि माझ्या डोक्यात तेच वाक्य.

मिलिंद, राग मानू नको बेटा. तू वाईट वागतोयस असं मी म्हणत नाही. बाप गेला, आई एकटी, तू तिकडे. काळजी वाटणारच. तुझ्या जागी माझा मुलगा असता तर त्यानेही हेच केलं असतं आणि मला उचलून नेलं असतं, आणि मी गेलोही असतो, कारण माझ्यात भांडायची ताकद राहिली नाही. तू आईला ठेवशीलही चांगली, शंका नाही. पण बाबा, तू माझ्या घरी एका माणसाचं नाही, दोघांचं सैन्य पाठवतोयस, आणि त्यातलं एक माणूस अजून पहिल्या रांगेत बसलंय. पांढऱ्या साडीत. बघ तिकडे.

मी हे सैन्य नेलं तर त्याचं काय होईल ते मी सांगतो. माझ्या माडीवर जाईल. मी वर्षातून एकदा वर जाईन, पुढच्या वर्षी तेही होणार नाही. मी गेलो की माझा मुलगा कुणाला तरी फोन करील, काका, तुम्ही न्या. त्या काकाचं नाव काय असेल? मला तर कुणी दिसत नाही. मी शेवटचा आहे. नाही, थांबा, चुकलो. मी शेवटचा नाही. तीच तर गोष्ट आहे.

म्हणून वहिनी, मी आता इथे सगळ्यांसमोर विचारतो. घरात विचारायला पाहिजे होतं, तिथे तोंड उघडलं नाही, आता माइकवर विचारतो. माझी पद्धतच उलटी. वहिनी, सैन्य तुमचं आहे. काय करायचं त्याचं? पुण्याला न्यायचं म्हणालात तर मी स्वतः मांडीवर घेऊन पुण्याला येतो. वाटून टाका म्हणालात तर वाटतो, मनाला लागेल पण वाटतो. आणि टेबल होतं तिथेच मांडा म्हणालात तर आत्ता इथून उठल्यावर खोकी परत वर चढवतो. जिना मला जड जाईल, पण चढवतो. अकबर माझ्याकडे आहेच. परवा तुम्ही गाडीत बसणार असाल तर तसं सांगा. बसणार नसाल तर परवाच मी सकाळच्या बसने येतो, डाव मांडू.

घाई नाही. विचार करून सांगा. नंतर सांगितलंत तरी...

काय? मागे ऐकू गेलं नाही का? थांबा, माइक लांब आहे, मीच सांगतो.

वहिनी म्हणतायत, "परवा नको भाऊजी, परवा नळाला पाणी येणार, मला घर सोडता यायचं नाही की डाव मांडता यायचा नाही. तेरवा या."

मिलिंद, ऐकलंस ना बेटा? रडू नको. तूसुद्धा ये तेरवा. मला एक सेनापती कमीच आहे.

आता पुरे झालं माझं. भन्तेजी, परवानगी असेल तर सगळ्यांनी उठून दोन मिनिटं गप्प उभं राहू या. ज्यांचे गुडघे माझ्यासारखे आहेत त्यांनी बसूनच मान खाली घाला, सुधाभाऊ चालवून घेतील. आणि कुणीतरी बाहेर जाऊन त्या रिक्षावाल्याला सांगा, भाडं बसस्टँडचं नाही, परत तायडेंच्या घरचं आहे.

सुधाभाऊ, जय भीम.